काशिराम भगत अवसेला बघतो

काशिराम भगत अवसेला बघतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या काशिरामला. म्हणजे आपण अमावास्येला बघतो हे त्याला माहीत होतं हो, पण लोक त्याचा काय अर्थ घेतात ते नव्हतं. पनवेलच्या आसपासच्या जुन्या आगरी गावांत 'अमका बघतो' म्हटलं की तो डोळ्यांनी बघतो असं कोणी समजत नाही. तो सुपात तांदूळ टाकून बघतो. कोणाला काय लागलंय, कोणी कोणावर काय केलंय, हरवलेलं माणूस कुठल्या दिशेला गेलंय, ते बघतो. असं बघणारा तो भगत. आता ज्याचं आडनावच भगत, ज्याचा आजा खरोखरचा भगत, त्याने अवसेच्या संध्याकाळी घरातले दिवे घालवून परसात बसायचं आणि मधूनच ओरडायचं, "लागला, लागला! शनी लागला!" मग लोकांनी काय समजायचं? सांगा तुम्हीच.

आजाचं नाव निघालं की काशिरामचं डोकं फिरायचं. लहानपणी दारात रांग लागायची. कोणी कोंबडा घेऊन, कोणी घुमणाऱ्या सुनेला घेऊन. एका तापाने फणफणलेल्या बाईला आजाने मिरच्यांची धुरी दिली आणि ती दुसऱ्या दिवशी गेली, ते त्याने दाराआडून पाहिलं होतं. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. शिकला बिचारा जेमतेम, पण पनवेलच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळेत शिपाई म्हणून चिकटला. परीक्षानळ्या धुता धुता त्याला वाटायचं, आपण आता त्या घराण्याचे राहिलो नाही. कोणी 'भगताचा नातू' म्हणालं की तो भांडायला उठायचा. त्याला आयुष्यात एवढंच हवं होतं, की हे नाव पुसलं जावं, आणि आपल्या घरातलं एक तरी माणूस आपल्यासारखं बघणारं निघावं. उघड्या डोळ्यांनी, तांदूळ न टाकता.

दुर्बीण त्याने स्वतः केली. मुंबईला एका शिबिरात शिकून आला आणि मग महिनोन् महिने पडवीत बसून काच घासत राहिला. त्याची बायको गंगाबाई म्हणायची, "एवढी भांडी घासली असती तं माजं हात तरी सुटलं असतं." त्या काचेचा आरसा झाला, आरशाला सांडपाण्याचा जाडा पांढरा पाइप मिळाला, पाइपला लाकडी बैठक मिळाली. गावाने लगेच नाव ठेवलं, तोफ.

घर नवीन पनवेलच्या कडेला, गावठाणात शेवटचं. मागे परस, परसाला निवडुंगाचं कुंपण, पलीकडे पडीक भातखाचरं. त्या काळी तिकडे मिट्ट काळोख असे. पावसाळाभर तोफ गोणपाटात. दिवाळी सरली, फटाक्यांचा धूर बसला, हवेला जरा शिरशिरी आली की काशिराम गोणपाट सोडायचा. पण दिसेल ते बघ, असा त्याचा कारभार नव्हता. बाजारात मासळी निवडावी तसा तो तारे निवडायचा. चंद्र असला तर बाकीच्या नाजूक वस्तू धुऊन निघतात, म्हणून त्या अमावास्येसाठी राखून ठेवायच्या. कार्तिकातल्या अवसेला देवयानी डोक्यावर येते, तेव्हा तिच्यातला तो धुरकट ठिपका. मार्गशीर्षात कृत्तिका. पौषात मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ, तोही पूर्वेच्या नारळीवर चांगला वर चढल्यावर, कारण खाली खाडीवरची धुई असते. आणि माघात पुष्य. पुष्य नक्षत्र नुसत्या डोळ्यांना काहीच नाही, एक डाग. पण नळीतून बघावं तर मोहोळ उठल्यासारखे तारे. काळोखाला सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून विजेरीला तो लाल कागद बांधायचा. आता अवस, काळोख, लाल उजेड, आणि भगताचा नातू. अजून काय बाकी राहिलं? लिंबू तेवढं राहिलं.

ते जगनने आणलं. जगन शेजारचा, टेम्पोवाला. एका पौषातल्या अवसेला काशिराम कुंपणावरून ओरडला, "ए जगन, तुझा तो बल्ब घालव रे! शनी लावायचाय!" बल्ब गेला. थोड्या वेळाने आरोळी आली, "लागला! काय सुंदर लागलाय!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जगनचा टेम्पो चालू होईना.

जगन हात जोडून आला. "दादा, माजं काय चुकलं असंल तं सांग. पन काढ तो."

"काय काढू?"

"शनी. रातचा लावलास तो."

काशिरामने कपाळावर हात मारला. मग चिडून, हसून, पुन्हा चिडून त्याला शनी कुठे असतो, कडी कशाची असते, सगळं समजावलं. संध्याकाळी हाताला धरून नळीला डोळा लावायला लावला. जगनने कडीसकट शनी पाहिला, डोळा काढला, आणि पाइपला लवून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी टेम्पोला नवं लिंबू आणि सात मिरच्या लटकल्या. वर हा जाईल तिथे सांगायला लागला, "डोल्यांनी बघितला. त्याच्या नलीत बसलाय." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

काशिराम ही गोष्ट शाळेत हसत हसत सांगायचा. गावाचं त्याला फारसं दुःख नव्हतं. घर आपलं असलं म्हणजे झालं, असं त्याला वाटे.

पण घरात प्रणित होता. एकुलता एक. बारावीला दोनदा आपटला होता, आणि तिसऱ्या खेपेला गंगाबाई त्याला गुपचूप कुठल्याशा देवर्षीकडे घेऊन गेली. दंडावर काळा गंडा बांधून आणला. काशिरामला तो दिसला गणपतीत, आरतीच्या वेळी, चारचौघांत. त्याने कात्री आणली, सगळ्या पोरांसमोर पोराचा दंड धरला आणि गंडा कापला. वर म्हणाला, "भगताच्या घरात परत भगत जन्माला आला! असली माणसं नकोत मला. चालायला लाग."

असं कोणी बोलतं का वयात आलेल्या पोराला? पण बोलला. प्रणित उंबऱ्यात थांबला, म्हणाला, "लांबचा लय दिसतंय तुमाला," आणि गेला. विसर्जनापर्यंत येईल म्हटलं, आला नाही. दसऱ्याला येईल म्हटलं, तरी नाही. उरणच्या बंदरावर कोणीतरी पाहिला म्हणे, मग तिथून कुठल्या बोटीवर चढला म्हणे. 'म्हणे'च्या पुढे काही कळलं नाही. पोलिसांनी लिहून घेतलं आणि मोठं पोरगं आहे, येईल, असं सांगितलं.

गंगाबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती ताट वाढायची, पाणी द्यायची, आणि बोलायची नाही. काशिरामला घरात बसवेना म्हणून तो त्या हिवाळ्यात जरा जास्तच परसात बसू लागला. स्वतःशी तो कबूल करायचा की चूक झाली. पण ते तोंडातून काढायचं कसं? पुरुषाची जात, तोंड उघडेल तर शपथ.

त्या वर्षी पौषातल्या अवसेला एक मोठा योग होता. शनी फिरत फिरत नेमका पुष्याच्या त्या मोहोळाला चिकटून आला होता. काशिरामने तो कधीपासून हेरून ठेवला होता. नळी लावली, आणि कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज मोकळा निघाला. "अगं, शनी पुष्यात आलाय! ये बघ, शनी पुष्यात आलाय!"

स्वयंपाकघरात काहीतरी खणकन पडलं. गंगाबाई धावत बाहेर आली. एवढ्या वर्षांत आली नव्हती कधी.

तिने डोळा लावला. बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "जाईल ना तितून?"

"जाईल की. तो काय तिथे घर करून राहणार? हा बघ, सरकतोच आहे." नळीतून तारे सरकत राहतात, बोटाने पाइप ढकलत राहावं लागतं. त्याने ढकलला. "सरकला बघ."

"नीट सरकवा," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेऊन शेजारच्या दगडावर बसली.

काशिरामचे डोळे भरून आले. पोरगा गेला, पण बायको आली, असं त्याला वाटलं. खोटं कशाला बोला, त्या रात्री त्याला सुख वाटलं.

त्यानंतर तिने एक अवस चुकवली नाही. दिवे घालवायचं काम तिनेच घेतलं. आधी ओटीवरचा, मग देवासमोरची समई आत सरकवायची, शेवटी स्वयंपाकघरातला बल्ब. अवसेला ती जेवायची नाही. विचारलं तर म्हणायची, "पोट भरलं का झोप येतं." काशिरामला ते पटलं. दगडावर बसून ती एकच विचारायची, "आज कोन लावनार?" तो सांगायचा, आज देवयानी, आज कृत्तिका. ती मान हलवायची. मग हळूच, "आनि पुष्य कवा?"

"पुष्य माघात. आत्ता उगवायला उशीर आहे."

"पन लावाल ना?"

"लावू की!"

काशिराम फुलून जायचा. हिची आवड पक्की आहे, शाळेत तो विज्ञानाच्या बाईंना सांगायचा. लोकांना शनीची कडी लागते, गुरूचे चंद्र लागतात. आमच्या मंडळींना पुष्याचा पुंजका. जाणकाराची आवड हो ती! त्याने कधी विचारलं नाही, की पुष्यच का. आणि त्याला कळायला मार्गही नव्हता. पत्रिका बित्रिका असल्या भानगडी सासूने केल्या होत्या, पोर झालं तेव्हा. जन्मनक्षत्र कुठलं लिहिलंय ते वाचायलाही त्याने नकार दिला होता. त्याचा बाणा होता तो.

पुढच्या हिवाळ्यात शनी पुष्यातून निघून मघेकडे गेला. तो जाणारच होता, आकाशात लाच चालत नाही. आणि त्याच हिवाळ्यात एके दिवशी शेजारी जगनच्या घरी फोन वाजला. प्रणितचा. आईला बोलवा म्हणाला. "बरा हाय मी, काळजी नको करू," एवढं बोलून ठेवला. कुठून केला, सांगितलं नाही. बापाचं नाव काढलं नाही. गंगाबाईने गावभर साखर वाटली आणि घरी येऊन प्रथमच, किती दिवसांनी प्रथमच, नवऱ्याच्या पानात स्वतःहून चिंबोरीचं कालवण वाढलं. म्हणाली, "तुमचं उपकार झालं."

"माझे कसले?" तो म्हणाला.

तिने ओठांवर बोट ठेवलं. बोलू नका. त्याला वाटलं, बाईला भरून आलं असेल.

मग गावातल्या बायका येऊ लागल्या. अवसेला संध्याकाळी दोघी तिघी कुंपणाशी, गंगाबाईजवळ कुजबुजत. काशिराम नळी जुळवता जुळवता ऐकायचा नाही, त्याचं लक्ष वर. गंगाबाई त्यांना नक्षत्रं सांगते आहे, असं त्याने धरून चाललं. त्याला केवढा अभिमान! ज्या गावात आजाने मिरच्यांची धुरी दिली, त्या गावच्या बायका माझ्या परसात दुर्बिणीला डोळा लावतात! एकदा पाइपच्या तोंडाशी झेंडूचं फूल सापडलं. एकदा बैठकीवर हळद. तो खेकसला, "आरशावर धूळ बसते, असलं काही आणायचं नाही!" बायका घाबरून मागे सरकल्या. त्याचं खेकसणंही विधीतच जमा झालं. खरा भगत खेकसतोच.

अशी वर्षं गेली, प्रणित काही आला नाही. खाचरांवर भराव पडला, सेक्टर सरकत सरकत कुंपणापर्यंत आले. इमारती उठल्या. आणि एका पावसाळ्यानंतर परसाच्या मागेच उंच खांब उभा राहिला, वर दिव्यांचा घोस. लागला त्या दिवशी परसात सुई पडली तरी दिसेल असा उजेड झाला. सोसायटीतल्या माणसांना बरं वाटलं. काशिरामने त्या हिवाळ्यात सगळं करून पाहिलं. डोक्यावर गोणपाट घेऊन बसला, नारळीच्या सावलीत तोफ नेली. देवयानी गेली. मृगातला मेघ उरला न उरला. माघातल्या अवसेला पुष्याच्या जागी नळीत नुसतं पिवळट दूध. शिवाय आता तो निवृत्त झालेला, गुडघे धरलेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला.

गंगाबाई दगडावर बसली होती, उपाशी, पदर डोक्यावर.

"लागलं?" तिने विचारलं.

"नाही लागत. आता नाही लागायचं." तो उठला. "संपलं गं. हे आता द्यायचं कुठल्यातरी शाळेला. उगाच का थंडीत बसायचं? बंद करू."

ती ताडकन उभी राहिली. इतकी वर्षं आवाज न चढवलेली बाई. "बंद? बंद कसा करनार? आनि मंग पोराचं?"

"पोराचं काय?"

"शनी परत आला पोराच्या पुष्यात तं? कोन काढंल त्याला? एकदा काढलात तं फोन आला. आता वाटंला लागलाय पोरगा, आता येल कवाबी. आता बंद करताव?"

काशिरामला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि एकेक करून सगळंच कळलं. उपास. समई आत नेणं. ओठांवरचं बोट, कारण केलेलं बोललं की उतरतं. झेंडू, हळद, कुजबुजणाऱ्या बायका. त्याचा चेहरा काळा ठिक्कर पडला.

"तू... तू इतकी वर्षं हे समजत होतीस? मला? मला भगत समजत होतीस?"

"गंडा तुमी कापला," ती म्हणाली, "आनि मंग तुमीच बसला अवसेला. मना वाटला, पस्तावलं. तोंडानी बोलत नाय, पन करतान पोरासाटी. म्हनून मी काय बोलली नाय तुमाला. एक सबूद तरी बोलली का?"

"अगं मी भगत नाय!" तो ओरडला. पलीकडच्या गच्चीवर कोणीतरी वाकून बघितलं. "नाय मी भगत! शनी कोणी काढत नाय, कोणी लावत नाय! तो आपला आपण फिरतो! मी काय केलं नाय, कोणासाठी काय केलं नाय! मी नुसता बघत होतो!"

तोंडातून गेलं आणि त्याला वाटलं, जिंकलो. सगळ्या आयुष्याचं बोलून टाकलं एकदाचं.

गंगाबाईने पदर डोक्यावरून खाली घेतला. खांबावरच्या दिव्यात तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता, दुर्दैवाने.

"पोरगा गेला," ती म्हणाली, "आनि तुमी इतकी वर्सं चांदन्या बघत होता?"

काच घासताना, परीक्षानळ्या धुताना, इतक्या माणसांशी वाद घालताना त्याने जी उत्तरं जमवली होती, त्यातलं एकही इथे चालणारं नव्हतं. ती आत गेली. जाऊन जेवली. भांड्यांचा आवाज त्याला परसात ऐकू आला.

तोफ शाळेला दिली नाही. फाल्गुनातली अवस आली तेव्हा काशिरामने दुपारपासूनच ती परसात काढून ठेवली. दिवस मावळला, खांबावरचा घोस पेटला. त्याने नळी नेहमीच्या जागी वळवली. डोळा लावला तर पिवळट दूध, त्यात एक डागही नाही. त्याने बोटाने पाइप जरासा ढकलला, पुन्हा ढकलला, जसं काही कोणी सरकतंय. आजाने दारातल्या माणसांना सांगितलं असेल तसं काहीतरी सांगायला आज तो तयार झाला होता. आधी खाकरला.

"गंगे," त्याने हाक मारली. "अगं, पुष्य लागलं! ये! शनी नाय त्याच्यात, कोनी नाय! पोरगा येल आता!"

कुंपणापलीकडून जगनने ऐकलं आणि न सांगता आपला बल्ब घालवला. काशिराम दगडावरचा पाचोळा हाताने झाडून तिच्यासाठी जागा करून बसला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिला. तो बल्ब ती नेहमी सगळ्यांत शेवटी घालवायची. बराच वेळ झाला तरी तो चालूच होता.